तिसऱ्या घंटेआधीची वीस मिनिटं

नाट्यगृहात सुट्टीच्या दिवशी तीन प्रयोग लागतात. रात्री साडेआठला आमचा जुन्या-नव्या गाण्यांचा कार्यक्रम असला, की दुपारच्या नाटकाचा पडदा पडेपर्यंत आम्ही वादक मागच्या दारापाशी टेम्पोला टेकून, चहाचे कप हातात धरून उभे असतो. सात वाजून गेले की आतून सोफा येतो, दिवाणखान्याची भिंत येते, खोटी खिडकी येते. ते सामान चढतंय न चढतंय तोच त्याच दारातून आमचे ड्रम, की-बोर्डचे स्टँड आणि मॉनिटर आत जातात. सव्वाआठला प्रेक्षकांना सोडायचं असतं. चौदा वादक, पाच गायक, एक निवेदक आणि हातात जेमतेम तास. त्या तासात आधी ढोलकी-तबल्याचे माईक, मग ऑक्टोपॅड, मग की-बोर्ड, मग गायक. गिटारचा नंबर लागेपर्यंत पहिली घंटा झालेली असते.

हे आधी सांगितलं, कारण गिटारच्या प्रोसेसरबद्दल मी जे काही शिकलो, ते या एका तासाने शिकवलं.

गिटार न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज गिटारीत अर्धाच असतो. उरलेला अर्धा अ‍ॅम्पमध्ये तयार होतो. अ‍ॅम्पच्या काचेच्या व्हॉल्व्ह किती तापल्या, त्यांना किती रेटलं, पेटीतला स्पीकर किती इंचांचा, त्या स्पीकरसमोर माईक मधोमध धरला की कडेला, या सगळ्याने मिळून तो आवाज घडतो. एकाच गिटारीवर एकच स्वर छेडला, तरी फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमधून तो काचेसारखा स्वच्छ येतो आणि जुन्या मार्शलमधून गुरगुरत येतो. गायकाला गळा, तसा गिटारला अ‍ॅम्प.

पण हा गळा वजनाला तीस किलोच्या आसपास. रोलँडचा जेसी-१२० बाजारात आला १९७५ साली. हिंदी-मराठी वाद्यवृंदांमध्ये स्वच्छ, लहरता आवाज हवा म्हटलं की भाड्याने तोच मागवायचा. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून तो विंगेतून आत आणायचा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला रेटल्याशिवाय त्याचा खरा गोडवा उतरत नाही, आणि रेटला की शेजारच्या ढोलकीच्या माईकमध्ये ढोलकीपेक्षा गिटार जास्त जाते. मग ढोलकीवाले दादा मान वळवून बघतात, गायिका कानाला हात लावते आणि निवेदक माईकवर हात ठेवून म्हणतो, "जरा कमी करता का?" कमी केला की आवाज मेला.

प्रोसेसरने हे संकट सोडवलं. अ‍ॅम्प, स्पीकरची पेटी आणि तिच्यासमोरचा माईक, या तिघांचं गणित एका लहान पेटीत बसवायचं आणि तयार झालेला आवाज थेट मिक्सरला द्यायचा. रंगमंचावर तीस किलोचं धूड नाही. १९९८ साली लाइन सिक्सचा लाल, घेवड्याच्या बीसारखा पॉड आला आणि ही कल्पना सामान्य वादकाच्या हातात पडली. पुढे २००६मध्ये फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स, २०११मध्ये जर्मनीतून केम्पर, २०१५मध्ये हेलिक्स. केम्परने तर उलटीच वाट धरली: तुमच्या आवडत्या अ‍ॅम्पमध्ये तो स्वतः ठरावीक आवाज सोडतो, माईकवाटे परत ऐकतो आणि त्या अ‍ॅम्पची ओळख टिपून ठेवतो. आज वीस-पंचवीस वर्षांची मुलं-मुली अ‍ॅम्प न बघताच मोठी होतायत, आणि आवाजात ती कुठे कमी पडत नाहीत.

कमी पडतं ते दुसरंच काही.

माझ्या नव्या प्रोसेसरचा पहिला कार्यक्रम मला मिनिटामिनिटाने आठवतो. महिनाभर रोज रात्री, घरातले झोपल्यावर, हेडफोन लावून मी बेचाळीस पॅच, म्हणजे यंत्रात साठवलेले तयार आवाज, केले होते. प्रत्येक गाण्याला एक. 'कर्ज' चित्रपटातल्या गिटारच्या पीससाठी तर तीन रात्री घातल्या. १९८० साली गोरख शर्मांनी वाजवलेला तो पीस कुठल्याही वाद्यवृंदाच्या गिटारिस्टला चुकत नाही, आणि तो नीट लागला तर बाल्कनीतून शिट्टी येतेच येते. हेडफोनमध्ये माझा आवाज असा होता की मीच डोळे मिटून बसायचो: खाली भरदार, वर चमक, मागे लांबलचक एको.

कार्यक्रमात पहिला स्वर लागला. शिट्टी आली नाही. पीस संपला तरी आली नाही. मला मॉनिटरमध्ये सगळं ऐकू येत होतं, पण समोरचे चेहरे काहीतरी चालू होण्याची वाट बघत असल्यासारखे होते.

मध्यंतरात साऊंडचे काका स्वतः मिक्सर सोडून विंगेत आले. त्यांनी आयुष्यभर नाटकं आणि वाद्यवृंद ऐकले होते, बोलणं मोजकं. म्हणाले, "अरे राजा, तुझ्या गिटारीत खाली आहे, वर आहे, मधे पोकळ आहे. आणि गिटार असते मधेच."

मला राग आला होता, हे कबूल करतो. तीन रात्रींची मेहनत होती. पण त्यांनी माझ्या यंत्राकडे बोट दाखवून तीन गोष्टी करायला लावल्या: गेन अर्ध्यावर आण, एको जवळजवळ बंद कर, बेस काढून टाक. एकट्याने वाजवून बघितलं तर आवाज कोरडा आणि बारीक वाटला. उत्तरार्धात 'हरे रामा हरे कृष्णा'मधला भूपिंदर सिंगांच्या गिटारचा तो प्रसिद्ध तुकडा होता. ड्रम आणि बेस सुरू झाले, मी तार छेडली, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजारच्या आजींचा हात दाबून रंगमंचाकडे बोट केलं. शिट्टीपेक्षा मला ते बोट जास्त आठवतं.

त्या रात्री झालं काय, याचं उत्तर १९३३ सालचं आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मनसन या दोघांनी माणसाच्या कानाचं मोजमाप केलं. आवाज लहान असताना कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात; आवाज वाढत गेला की ते भराभर वर येतात. म्हणजे रात्री दबक्या आवाजात मी जो बेस आणि जी चमक 'पुरेशी' म्हणून भरली होती, ती कार्यक्रमाच्या आवाजात दुप्पट होऊन आली. बेस जाऊन आदळला बेस गिटारवर आणि तबल्याच्या डग्ग्यावर. चमक झाली खरखर. आणि नाट्यगृहाच्या भिंतींचा स्वतःचा घुमारा असताना मी त्यावर माझा एको ओतला होता. प्रत्येक स्वर पुढच्या स्वराच्या अंगावर पडत होता.

काकांनी मला पुढच्या कार्यक्रमाला दोन तास आधी बोलावलं. त्या दिवशी दुपारचा प्रयोग नव्हता, हॉल मोकळा होता. त्यांनी त्या दिवशी जे करून घेतलं, ते मी आजही प्रत्येक नव्या आवाजासाठी करतो, म्हणून जरा तपशिलाने सांगतो.

बहुतेक प्रोसेसरमध्ये लूपर असतो. आपण वाजवलेलं तो पकडून ठेवतो आणि सोडेपर्यंत फिरवत राहतो. हा लूपर आवाजाच्या साखळीत सगळ्यात आधी, अ‍ॅम्पच्याही आधी ठेवायचा. म्हणजे पकडली जाते ती गिटारची कोरडी तार, आणि तीच तार पुन्हा पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जात राहते. आता गिटार खाली ठेवली तरी गिटार वाजतेय. मी आठ मात्रांचा एक तुकडा पकडला आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे खाली उतरून बाराव्या रांगेत जाऊन बसलो. रंगमंचावर माझ्या यंत्रापाशी की-बोर्डवाल्याचा धाकटा भाऊ बटणं फिरवायला बसला. ड्रमवाला आणि बेसवाला माझ्या त्या फिरत्या तुकड्याबरोबर वाजवत राहिले, कारण एकटी गिटार नेहमीच छान वाटते; तिची परीक्षा चारचौघांत होते.

बाराव्या रांगेतून मी पहिल्यांदा माझी गिटार ऐकली. इतकी वर्षं वाजवत होतो, पण प्रेक्षकाच्या खुर्चीतून स्वतःला ऐकायची वेळ आली नव्हती. मी हात वर-खाली करत होतो, तो मुलगा बटण फिरवत होता. गिटारची सगळ्यात जाडी तार मोकळी सोडली तर ८२ हर्ट्झवर वाजते. त्याखाली गिटारचं काहीच नसतं, नुसता घुमट असतो. खालची कात्री, म्हणजे खालचे स्वर कापणारं बटण, ८०वरून सरकवत ११०पर्यंत आणली. बेस गिटार एकदम मोकळी झाली. मग वरची कात्री. गिटार अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही, पण हॉलचे स्पीकर वीस हजारपर्यंत सगळं दाखवतात. दहा हजार, आठ हजार, साडेपाच हजार. तिथे खरखर गेली आणि नखाचा स्पर्श उरला. शेवटी मधले स्वर, आठशे हर्ट्झच्या आसपास, किंचित उचलले. गिटार उठून पुढे आली आणि उभी राहिली. आवाज वाढवला नव्हता. भिंतीवर खिळा ठोकून तसबीर टांगावी, तशी ती आपल्या जागी होती, आणि बाकी कुणाला धक्का लागलेला नव्हता.

काका मिक्सरवरून म्हणाले, "आता हे असंच ठेव. घरी गेल्यावर हेडफोनमध्ये वाईट वाटेल. हात लावू नकोस."

घरी खरंच वाईट वाटलं. हात लावला नाही.

बेचाळीस पॅचचं पुढे काय झालं, तेही सांगतो. एका पॅचवरून दुसऱ्यावर उडी मारली की बऱ्याच यंत्रांत क्षणभर आवाज तुटतो. माणूस गात असतो, कडवं संपतंय, तुमचा पीस येतोय, आणि नेमकी पहिली तार गिळली जाते. म्हणून एकच पॅच उघडा ठेवायचा आणि त्याच्या आतच वेगवेगळ्या अवस्था साठवायच्या. कुणी त्यांना सीन म्हणतं, कुणी स्नॅपशॉट. माझे आता सगळे मिळून चार पॅच आहेत. त्यातल्या एकावर तर मी पूर्ण कार्यक्रम काढू शकतो: स्वच्छ आवाज, लहरता आवाज, थोडा फाटलेला, आणि पीससाठीचा. पाचवं बटण फक्त उंचीचं. पीसच्या वेळी साखळीच्या शेवटी तीन-चार डेसिबल वाढतात. हे वाढवणं शेवटीच हवं. अ‍ॅम्पच्या आधी वाढवलं तर आवाज मोठा होत नाही, अधिक फाटतो आणि उलटा मागे जातो. नव्या मुलांची ही चूक मी दर दुसऱ्या कार्यक्रमात बघतो.

'लहरता आवाज' म्हटलं, त्याचाही एक किस्सा. जेसी-१२०च्या पोटात दोन स्पीकर असतात. एकातून सरळ आवाज येतो, दुसऱ्यातून थरथरता, आणि त्या दोघांची गाठ खोलीच्या हवेत पडते. तेच त्याचं सौंदर्य. मी प्रोसेसरमध्ये तो अ‍ॅम्प निवडला, डावी-उजवी अशा दोन वायरी दिल्या आणि ऐंशीच्या दशकातलं एक गाणं सुरू केलं. मॉनिटरमध्ये नुसता सरळ, सपाट आवाज. मला वाटलं यंत्र बिघडलं. विंगेत चौकशी केली तर स्टेजबॉक्समध्ये जागा नाही म्हणून एका मदतनीस मुलाने उजवी वायर काढून तिथे बासरीचा माईक लावला होता. माझा अर्धा अ‍ॅम्प जमिनीवर पडला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आवाज मोनोच चालवतात, आणि त्याला कारण आहे. अगदी डावीकडच्या खुर्चीतल्या माणसाने उजव्या स्पीकरमधली गिटार ऐकायची कशी? त्यानेही तिकीट काढलेलं असतं. तेव्हापासून मी घरीच सगळं एका वायरीवर ऐकून पक्कं करतो. दोन मिळाल्या तर आनंद.

एकदा पुण्यात एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलीने फार तयारीने वाजवलं, पण आवाज असा की घोंगडीखालून येतोय. उतरल्यावर तिला विचारलं, "बाळा, वायर कुठे लावली होतीस?" तिने अ‍ॅम्पच्या समोरच्या भोकात लावली होती. म्हणजे यंत्रातला खोटा अ‍ॅम्प, खोटा स्पीकर, आणि त्यावर पुन्हा खरा अ‍ॅम्प आणि खरा स्पीकर. मी तिला अ‍ॅम्पच्या पाठीमागचं 'रिटर्न' लिहिलेलं भोक दाखवलं आणि यंत्रातली स्पीकरची पेटी बंद करायला लावली. रिकाम्या रंगमंचावर तिने एक स्वर छेडला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. स्पर्धा संपली होती, पण त्या बघण्यासाठी मी थांबलो होतो असं मला वाटतं. मिक्सरला जाणाऱ्या वायरीवर पेटी चालू, अ‍ॅम्पला जाणाऱ्या वायरीवर पेटी बंद: बऱ्याच यंत्रांत या दोन वाटा एकाच वेळी वेगळ्या ठेवता येतात. एकदा बसवून ठेवलं की झालं.

आता विजेचं. हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथे आवाजापेक्षा मोठं काही पणाला लागतं.

गणेशोत्सवातला कार्यक्रम. मोकळं मैदान, पावसाने भिजलेलं, मंडपामागे जनरेटर. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे सगळे घाईत. मी यंत्र जोडलं आणि स्पीकरमधून 'हूँऽऽ' असा जाड आवाज सुरू झाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा गुणगुणाट ५० आणि त्याच्या दुप्पट १००वर ऐकू येतो. पांढरी पाचचा खालचा स्वर आहे ९८ हर्ट्झ. म्हणजे हा गुणगुणाट पांढरी पाचच्या जवळ, पण तिच्यापेक्षा किंचित चढा. आमच्या गायिकेची पट्टी नेमकी पांढरी पाच. दोन ओळी गाऊन ती थांबली आणि मला म्हणाली, "दादा, मला कुणीतरी वर ओढतंय." तिला गुणगुणाट वेगळा ऐकू येत नव्हता, तिला चुकीचा तानपुरा ऐकू येत होता. इतका बारीक कान असलेल्या बाईला आम्ही तशीच गायला लावणार होतो!

दोष होता तो दोन वाटांनी आलेल्या अर्थिंगचा. माझं यंत्र एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या फेजवर, आणि दोघांना जोडणारी माझी वायर. मंडपाचं काम बघणारा माणूस पक्कड घेऊन आला आणि माझ्या प्लगची अर्थिंगची जाडी पिन काढायला निघाला. "साहेब, ही काढली की आवाज जातो बघा," म्हणाला. आवाज जातो, हे खरं आहे. पण मग यंत्रात काही बिघडलं तर वीज जाते ती गिटारच्या तारांवाटे वाजवणाऱ्याच्या अंगातून, आणि ओठ माईकला लागले की वर्तुळ पूर्ण होतं. १९७२ साली वेल्समध्ये, स्वान्सी इथे, 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावून रंगमंचावरच गेला. सत्तावीस वर्षांचा होता. आपण तर ओल्या जमिनीवर, चपला काढून उभे असतो.

मी त्या माणसाचा हात धरला. त्याचं काम झटपट आवाज घालवण्याचं होतं, त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. माझ्या पिशवीत ट्रान्सफॉर्मरवाली डीआयची लहान पेटी होती. ती यंत्र आणि मिक्सरच्या मधे टाकली, तिच्यावरचं 'लिफ्ट'चं बटण दाबलं. या बटणाने तुटतो तो फक्त आवाजाच्या वायरीतला जमिनीचा धागा. विजेच्या प्लगची पिन जागेवर राहते. गुणगुणाट थांबला. गायिकेने डोळे मिटून षड्ज लावला आणि मान हलवली. मिक्सर माईकसाठी सोडतो ते फँटमचे ४८ व्होल्ट चुकून आले, तर ही पेटी तेही अडवते. गिटारपेक्षा मी तिला जास्त जपतो.

पुढे अमेरिकेत एका महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो, प्रोसेसर पाठीवरच्या पिशवीत घालून विमानात सोबत नेला. तिथली वीज ६० हर्ट्झ. तो स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध येतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही. डीआयची पेटी तिथेही होती.

पट्टीवरून आणखी एक आठवलं. काही यंत्रांत एक सोय असते: तुम्ही एक स्वर वाजवा, ते त्याच्या वरचा तिसरा स्वर स्वतः जोडतं, दोन गिटार वाजल्यासारखं ऐकू येतं. त्यासाठी आधी पट्टी सांगून ठेवावी लागते. मी एका गाण्याला पांढरी पाच लावून ठेवली होती. कार्यक्रमाच्या आधी गायक म्हणाला, "घसा बसलाय रे, काळी तीनवर घेऊ." वादकांना यात काही विशेष नाही, बोट एक घर मागे घेतलं की झालं. यंत्राला मात्र कुणी सांगितलं नाही. पीस सुरू झाला आणि दुसरी गिटार भलत्याच रस्त्याने चालू लागली. की-बोर्डवाल्याने एका क्षणात ओळखलं. माझ्याकडे बघून त्याने बोट आडवं हलवलं, मी ते बटण बंद केलं, आणि पुढच्या ओळीपासून वरचा स्वर त्याने स्वतः वाजवला. तो त्याने इतका माझ्या श्वासाला धरून वाजवला की ते बटण मी पुन्हा कधी वापरलं नाही. आजही तो पीस आम्ही दोघं मिळून वाजवतो.

रंगमंचावर अ‍ॅम्प नसल्याची एक किंमत मोजावी लागते, ती लपवत नाही. पाठीमागून येणारा वारा जातो. आधी ड्रमवाल्याला माझी गिटार हवेतूनच ऐकू यायची. आता त्याच्या मॉनिटरमध्ये दिली नाही तर तो आंधळा. एकदा त्याने कार्यक्रमानंतर मला विचारलं, "दादा, आज तुम्ही कडव्यांत वाजवत नव्हता का?" मी सगळं वाजवलं होतं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न आता साऊंडवाल्यांना असतो: ड्रम आणि बेसच्या मॉनिटरला मला किती दिलंय? हल्ली तरुण मुलं विचारतात, की यंत्र आवाज उशिरा देतं का. देतं, पण दोन ते चार मिलिसेकंद. एवढ्या वेळात आवाज हवेतून मीटरभर जातो. जुन्या अ‍ॅम्पपासून तीन पावलं लांब उभं राहिलं की यापेक्षा जास्त उशीर व्हायचा आणि कुणाची तक्रार नसायची.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: कार्यक्रमाच्या आठवड्यात यंत्राला नवं सॉफ्टवेअर घालू नका. माझे सगळे आवाज एका शुक्रवारी रात्री पुसले गेले आणि शनिवारी प्रयोग होता. त्या दिवशी मी बॅगेतल्या एका साध्या पेडलवर आणि डीआयवर पूर्ण कार्यक्रम वाजवला. आता सगळे पॅच दोन ठिकाणी साठवलेले असतात, आणि ते पेडल अजूनही बॅगेत असतं.

काका आता कार्यक्रम करत नाहीत. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मोबाईलवर माझ्या एका कार्यक्रमाचा तुकडा लावला, कुणीतरी बाल्कनीतून घेतलेला. डोळे मिटून ऐकला, आणि म्हणाले, "आता मधे आहे."

कार्यक्रम ठरवणाऱ्या सगळ्या संयोजकांना, मंडळांना आणि संस्थांना माझी विनंती आहे. यंत्रं आता सगळ्यांकडे चांगली आहेत. पण गिटारचा आवाज घरी पूर्ण होत नाही, तो तुमच्या हॉलच्या बाराव्या रांगेत पूर्ण होतो. सत्काराचे हार पाच मिनिटं उशिरा आले तरी चालतील; तिसऱ्या घंटेआधी वादकांना साऊंड चेकसाठी वीस मिनिटं द्या, आणि त्या वेळात हॉलचे दिवे चालू ठेवा.